वैशाखात खूण बांधणाऱ्या बाई

चौदा कुंड्यांमधली जिवंत झाडं मी उपसून फेकायला लावली आणि कागदावर लिहिलं, की ती बाईंच्या निष्काळजीपणामुळे मेली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बाईंचं कौतुक करणार आहे. ते वाचताना हे वाक्य तुमच्या लक्षात असलेलं बरं.

बाई कुठल्याही वाळक्या काडीजवळ उकिडव्या बसल्या, की आधी अंगठ्याचं नख लावायच्या. साल तिळाएवढी खरवडायची, वाकून बघायचं आणि खाली हिरवं दिसलं की मागे न बघताच म्हणायचं, "मेलं नाई, निजलं आहे. निजू द्या त्याले."

चंद्रपूरजवळच्या सावली गावातल्या एका सरकारी कार्यालयात मी मुख्य लिपिक होतो. खातं कोणतं ते सांगत नाही. बाई तिथे रोजंदारीवर होत्या. झाडझूड आणि कुंड्यांना पाणी, एवढं त्यांचं काम. जवळच्याच एका गावातून यायच्या. घर तलावावर मासे धरणाऱ्यांचं. पन्नाशी ओलांडलेली, काटक अंगाची, बोलताना कमरेवर हात ठेवणारी बाई. मला 'बाबू' म्हणायच्या. मी आणि सगळं कार्यालय त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं.

आमच्या इमारतीपुढचं अंगण पूर्ण काँक्रीटचं. झाड लावायला वीतभर मातीही नव्हती, म्हणून कुंड्या. मे महिन्यात दुपारी त्या काँक्रीटवर अनवाणी पाय टेकवता येत नसे. बोअरवेल मार्चमध्येच खाकरायला लागायची आणि एप्रिलमध्ये गप्प व्हायची. दरवर्षी पावसाळ्यात कुठून तरी क्रोटन, गुलाब, शोभेचे पाम यायचे आणि होळीपर्यंत संपायचे. अशी सरकारी कुंडी तुम्हीही पाहिली असेल. वर भेगाळलेली माती, मधे एक काडी, कडेला पानाची पिचकारी.

मी तिथे आलो त्या पहिल्या वर्षी बाईंनी ती मरणारी झाडं मुकाट बघितली. दुसऱ्या वर्षी नवे गुलाब आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"बाबू, कुंडी मंजे कोंडवाडा होय. कोंडवाड्यात कोन्तं जनावर टिकते?"

"कोन्तं?"

"ज्याले घरीच कमी भेटते ते. तुमचे हे गुलाब लाडाचे आहेत. ह्याइले काऊन कोंडून राह्यले?"

मग बाईंनी स्वतः झाडं निवडायला घेतली. त्यांची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. झाडं आणायची पावसाळ्यात, पण निवडायची वैशाखात. ऐन उन्हाळ्यात त्या गावाजवळच्या पडीक टेकाडावर जायच्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोवलेल्या असत. खडकाच्या फटीत, जिथे महिनोन्महिने थेंब नाही, तिथे जे अजून जीव धरून आहे त्याला एक चिंधी बांधायची. श्रावणात माती भिजली की तीच चिंधी शोधत परत जायचं. फांदी लागणारं असेल तर फांदी, गड्ड्याचं असेल तर गड्ड्याचा एक तुकडा. मूळ झाड जागेवरच ठेवायचं.

एका रविवारी मी हौसेने त्यांच्याबरोबर टेकाडावर गेलो. सकाळचे नऊ वाजले होते आणि माझ्या डोक्यावरचा रुमाल घामाने चिकटला होता. बाई भराभर पुढे.

"पानी पडल्यावर कोनंही हिरवं दिसते, बाबू. तवा पारख होत नाई. आत्ता पाहा. हे पाहा, कांडवेल. दगडावर पडली तरी जगते. हे काटेकोरांटी. पानं टाकून देते, काटे ठेवते. हे धायटी, उन्हातच फुलते."

"आणि हे?" मी मोहाच्या एका रोपाकडे बोट दाखवलं. "हे नेऊ ना. छान दिसेल."

बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी वासराला कपाटात ठेवायचं म्हणालो.

"मोहाले कुंडीत? त्याच्या मुळ्याइले इहिरीपर्यंत जाचं असते. मोठ्याले कोंडू नाई. पाप लागते."

कुंडी भरण्याचीही त्यांची पद्धत ठरलेली. सिमेंटच्या कुंड्या नकोत, त्या तापतात. मातीच्या हव्यात, आणि त्यांना बाहेरून चुना. तळाला फुटक्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, तुकडे, त्यावर नाल्याची वाळू, मग टेकाडावरचीच मुरमाड माती, तलावातला वाळका गाळ मूठभर आणि धानाच्या कोंड्याची राख. मी शेणखत आणवलं तर त्यांनी ते परत पाठवलं. "खाऊन खाऊन मऊ होते. मऊ झालं का उन्हात पयलं तेच जाते." उन्हाळ्यात कुंड्या भिंतीकडे सरकवून एकमेकींना खेटून ठेवायच्या, म्हणजे एकीची सावली दुसरीवर. पाणी फक्त सकाळी, आणि तेही आधी मातीत दोन पेरं बोट घालून. बोट ओलं आलं तर त्या दिवशी पाणी नाही. ज्या कुंड्यांत गड्डे निजलेले, त्यांना पावसापर्यंत अजिबात नाही.

ह्या निजलेल्या कुंड्यांवरून आमचे शिपाईभाऊ बाईंना फार छळायचे. चौदापैकी सहा कुंड्या माघापासून मोकळ्या दिसायच्या. भुईचाफा, रानकांदा, शतावरी, सगळं जमिनीखाली.

"बाई, कुंडीत ढेकळं पेरली का?"

"हव. तुमच्या डोक्यात आहेत तेच पेरले, भाऊ. माह्यावाले उगवते, एवढाच फरक."

सगळं कार्यालय हसायचं. शिपाईभाऊ सगळ्यात मोठ्याने.

पावसाळ्यानंतर मात्र अंगण बघण्यासारखं व्हायचं. शतावरीचा तो धुरासारखा पाला, कोरांटीची पिवळी फुलं, चित्रकाचे पांढरे तुरे. एका हिवाळ्यात विभागीय कार्यालयातल्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक कुंडीचा फोटो काढला. "पाणी किती लागतं?" म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "चौदा कुंड्याइले दोन बादल्या. ते भी रोज नाई." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. बाई दिवसभर खुशीत होत्या. ज्या त्या माणसाला सांगत होत्या, "माह्यं बोलनं लिहून घेतलं त्याइनं."

त्याच वर्षी रोजंदारीवरच्या लोकांना कायम करण्याचा प्रस्ताव निघाला. बाईंना अकरा वर्षं झाली होती. दर काही महिन्यांनी चार दिवस घरी बसवायचं आणि परत नव्याने घ्यायचं, अशी अकरा वर्षं. त्यामुळे कायम होण्याचा अर्थ त्यांच्यासाठी साधा होता. आता कुणी "उद्यापासून येऊ नका" म्हणणार नाही. कागद मीच तयार केले. फोटो काढायला बाई नव्या लुगड्यात गेल्या आणि डोळे मिटलेला फोटो घेऊन आल्या.

"बाई, डोळे मिटले की हो!"

"मग? मेली नाई मी. निजली आहे."

तो फोटो मी तसाच लावला. यादीत त्यांचं नाव तिसरं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. सबब म्हणून सांगत नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सावलीला येण्यापूर्वी मी सहा वर्षं गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीत होतो. गाव वाईट नव्हतं, माणसं तर फारच चांगली. पण बायको-मुलगी चंद्रपुरात, आणि मी तिथे एका खोलीत. मुलगी पहिलीतून सातवीत गेली ती मी सुट्ट्यांमध्येच पाहिली. सावलीला बदली झाली, चंद्रपुरातून ये-जा जमू लागली आणि मी रोज घरी जेवायला लागलो. तेव्हापासून एकच भीती मनात घर करून होती, की कुणाची नाराजी झाली तर परत पाठवतील. साहेबांच्या केबिनमधून घंटी वाजली, की मी आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचो. माझ्या टेबलाच्या खिडकीला गज होते. त्या गजांतून मी अंगणाकडे बघत बसायचो आणि साहेबांचा आज मूड काय असेल ह्याचा अंदाज बांधत राहायचो.

त्या मे महिन्यात तपासणी लागली. साहेब म्हणाले, "दर्शनी भाग हिरवागार दिसला पाहिजे." एवढंच म्हणाले. कुंड्या उपसा असं ते म्हणाले नव्हते.

बाई भाचीच्या लग्नाला कुरखेड्याला निघाल्या होत्या. जाण्याआधी मुद्दाम माझ्या टेबलाजवळ आल्या.

"बाबू, त्या मोकळ्या दिसते त्या कुंड्याइले कोनाले हात नका लावू देऊ. वाळक्या काड्या आहेत त्याइले भी नाई. चार दिवसांत येतो मी."

"बिनघोर जा, बाई."

मी विसरलो असतो तर आज हे लिहिण्याची गरज पडली नसती. मी विसरलो नव्हतो. कुंड्यांपुढे उभा राहिलो तेव्हा त्यांचा शब्दन् शब्द मला आठवत होता. पण डोळ्यांना दिसत होती काट्यांची वाळकी मोळी आणि सहा कुंड्या नुसती माती. तपासणीच्या साहेबांना मी काय सांगणार होतो? झाडं निजली आहेत म्हणून? मी दोन मजूर लावले. चौदाच्या चौदा कुंड्या मागच्या कुंपणभिंतीजवळ उपड्या केल्या. रोपवाटिकेतून गाडी भरून हिरवी, मोठ्या पानांची झाडं आली. संध्याकाळपर्यंत अंगण जाहिरातीतल्यासारखं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आल्या त्या नेमक्या त्याच मॅडम. गाडीतून उतरल्या आणि अंगणातच थांबल्या.

"त्या बाईंची झाडं कुठे गेली? मी ती दुसऱ्या कार्यालयांना दाखवायला फोटोवाला घेऊन आलेय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला एटापल्लीची खोली दिसली. कॉट, स्टोव्ह, भिंतीवरचं कॅलेंडर.

"मेली, मॅडम," मी म्हणालो. "निगा राखली गेली नाही. बाई सुट्टीवर आहेत."

बोललेलं वाक्य निदान विरून गेलं असतं. पण साहेबांनी लेखी खुलासा मागितला, आणि तो लिहायचा होता मलाच. 'संबंधित रोजंदारी महिला कर्मचारी यांनी कर्तव्यात कसूर केल्याने झाडे नष्ट झाली.' अक्षर माझं चांगलं आहे. त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

बाई पाचव्या दिवशी आल्या. अंगण एकदा बघितलं. सरळ मागे गेल्या. मी मागच्या दारापर्यंत गेलो. ढिगाऱ्याजवळ बसून त्या हाताने माती उकरत होत्या, एकेक गड्डा पदराला पुसून बाजूला ठेवत होत्या.

"कोनं केलं, बाबू?"

"वरून आदेश होता."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. "वरच्याइले काय समजते," म्हणाल्या. "तुमी तरी काय करान!" आणि माझी समजूत घातल्यासारखं हसल्या. ते हसू मला अजून सोसत नाही.

रोपवाटिकेची झाडं नऊ दिवसांत करपली. मोठ्या पानांना त्या काँक्रीटची धग सोसवेना. आणि त्याच सुमारास मागचा ढिगारा फुलला. कुणी पाण्याचा थेंब घातला नव्हता. चहाचे कागदी कप, फायलींचे फाटके पुठ्ठे आणि त्यांच्यामधून एकही पान नसलेली, थेट मातीतून उठलेली भुईचाफ्याची पांढरी-जांभळी फुलं. बाईंना सगळे गड्डे वेचता आले नव्हते. जे राहिले त्यांनी आपली वेळ चुकवली नाही. बाईंनी सगळ्यांना हाक मारून बोलावलं. साहेबसुद्धा येऊन गेले. शिपाईभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हरलो, बाई. ढेकळं उगवली."

तो कागद तेव्हा साहेबांच्या टेबलावरच होता. वर गेला नव्हता. मी चार पावलं चाललो असतो आणि म्हणालो असतो, "साहेब, खुलासा परत द्या, चुकीचा लिहिला," तर तिथेच संपलं असतं. मी फुलांकडे बघत उभा राहिलो. मग खुर्चीत येऊन बसलो.

जूनच्या शेवटी यादी वर गेली, तिसरं नाव वगळून. बाईंच्या हातात एक पत्र पडलं. त्यांना सही करता यायची, एसटीची पाटी वाचता यायची, पण सरकारी मराठी त्यांना कुठून वाचता येणार? त्या पत्र घेऊन माझ्याकडेच आल्या.

"काय लिहिलं आहे, बाबू? तुमीच वाचा."

पत्रात तीन ओळी होत्या. मधल्या ओळीत माझंच वाक्य होतं. मी पहिली वाचली, तिसरी वाचली.

"आपली सेवा यापुढे आवश्यक नाही, असं आहे, बाई."

"काऊन नाई, ते नाई लिहिलं?"

"नाही."

बाईंनी पत्राची बारीक घडी केली. झाडू कोपऱ्यात उभा केला. फाटकातून बाहेर पडताना त्या एकदाच थांबल्या. पण मागे बघायला नव्हे, चप्पल नीट करायला.

पुढची दोन वर्षं मी रोज चंद्रपुरातून सावलीला अपडाऊन केलं. मुलगी बारावी झाली. घरात सगळं ठीक होतं आणि मला कुठेच मोकळं वाटत नव्हतं. घरी जेवताना वाटायचं, हे ताट मी कशाच्या बदल्यात घेतलंय? बायकोला सांगावं तर तिच्यासाठीच केलं असं ऐकवल्यासारखं होईल. कार्यालयात सांगावं तर खोटा खुलासा दिला म्हणून कारवाई. बाईंना सांगावं तर कोणत्या तोंडाने? जिकडे वळावं तिकडे माझंच वाक्य आडवं उभं.

ह्या माघात नवीन पत्र आलं. मागच्या यादीतून वगळलेल्या नावांचा फेरविचार करायचा आहे, वगळण्याचं कारण तपासून कळवा. फाईल माझ्याच टेबलावर आली. आता साहेबही नवे होते. नुसतं 'कारण कायम' एवढं लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. मी दोन पानं लिहिली. झाडं जिवंत होती, ती मी फेकायला लावली, खुलासा खोटा होता, बाई त्या दिवशी रजेवर होत्या. खाली सही केली.

साहेबांनी पानं दोनदा वाचली. "अहो, सगळं मिटलेलं आहे. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? एटापल्लीची जागा रिकामीच आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब. कागद वर पाठवा."

कागद गेला. बाईंचं नाव यादीत येईल की नाही, हे लिहीत असेपर्यंत मला कळलेलं नाही. मला नोटीस आली आहे.

कागद गेला त्याच आठवड्यातल्या रविवारी मी बाईंच्या गावी गेलो. बाई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भेटल्या. पाणी उतरल्यामुळे त्या दिवशी गावाने जाळं ओढलं होतं. सगळी मासे धरणारी घरं तिथे जमली होती. ताडपत्रीवर रोहू, मरळ, झिंगे यांचे सारखे ढीग लावणं चाललं होतं. बाई थोड्या वाळल्या होत्या. मला बघून हात धुतले आणि बाजूला आल्या.

"बाबू? इकडं कुठी?"

मी पत्रातली मधली ओळ सांगितली. ती कुणी लिहिली तेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "शिपाईभाऊनं त्याच दिवाळीले सांगतलं."

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"तुमी याल, असं वाटे. मंग वाटनं बंद झालं."

मी हात जोडायला गेलो तर त्यांनी मान हलवली.

"मले एकटीले सांगून काय होते, बाबू? मले तर माहीतच होतं. ह्या लोकाइले सांगा. पंचायतीनं रोपं लावाचं काम काढलं तवा मले नाई घेतलं. म्हने, सरकारी झाडं मारली हिनं. माह्यी सून भी तेच म्हन्ते."

मी ताडपत्रीकडे पाहिलं. वीस-पंचवीस माणसं असतील, बायकाही.

"वाटे लागून राह्यले," बाई म्हणाल्या. "उचलाच्या आंधी ज्याले जे बोलाचं ते बोलाचं, अशी आमच्याकडची रीत आहे. कोनाचं काई अडलं असन तर तवाच. एकदा वाटा उचलला का मंग तोंड बंद. चला."

त्या पुढे चालल्या, मी मागे. एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे कोन होय?" बाई म्हणाल्या, "त्याइले बोलाचं आहे." माणसांनी हात थांबवले. ढिगातली एक मरळ अजून शेपूट आपटत होती. बाईंची सून टोपली खाली ठेवून उभी राहिली.

मी माझं नाव सांगितलं, कार्यालयात काय होतो ते सांगितलं. मरळीकडे बघत, हळू आवाजात बोलत होतो. मागून कुणी तरी म्हणालं, "जोरानं बोला, भाऊ." मग मी जोराने बोललो.

"बाईंच्या हातानं एकही झाड मेलं नाही. झाडं जिवंत होती. बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, तरी मी ती फेकायला लावली. मग स्वतःची नोकरी वाचवायला मी खोटं लिहिलं, आणि त्या खोट्या कागदामुळे बाईंचं काम गेलं. त्यांनी विश्वासानं तोच कागद माझ्याकडे वाचायला आणला, तेव्हाही मी त्यांना फसवलं. दोन वर्षं मी गप्प बसलो. बाई, चूक माझी आहे, सगळी माझी आहे. मला माफ करा."